मल्हाररावाचं दुसरं इंजिन

मल्हाररावानं एखादी गोष्ट धरली की ती त्याच्या हातून सुटायची नाही. या गुणाचं कौतुक करावं की कपाळाला हात लावावा, हे बानाबाईला अर्धा संसार झाला तरी ठरवता आलं नव्हतं.

फुलंब्रीच्या अलीकडं हमरस्ता सोडून आत वळलं की त्यांची धनगरवस्ती लागते. तिथं कुणालाही विचारा, मल्हाररावाचा एक तरी किस्सा हमखास ऐकायला मिळेल. एकदा एसटीत कंडक्टरनं त्याच्या काखेतल्या करडाचं तिकीट मागितलं. करडू मांडीवर बसणार, जागा अडवणार नाही, मग तिकीट कसलं, एवढाच याचा मुद्दा. तो पटवून देता देता फुलंब्रीचा थांबा मागं पडला आणि स्वारी करडासकट सिल्लोडच्या डेपोत उतरली, तीसुद्धा अजून भांडतच. संध्याकाळी घरी आल्यावर बानाबाईनं विचारलं, तर म्हणाला की तिकीट काढलं नाही. येताना दोघांचं तिकीट काढावं लागलं, हे तिला दुसऱ्याकडून कळलं.

दुसरा किस्सा सांगतानाही लोक हसतात, पण बानाबाई कधी हसली नाही. गिरजा नदीला अचानक लोंढा आला आणि कळपातला एक मेंढा वाहून चालला. मल्हाररावानं उडी टाकून त्याचं शिंग पकडलं. मेंढा पाण्याबरोबर जातोय, त्याच्याबरोबर हाही जातोय, आणि काठावर बानाबाई जीव तोडून ओरडतेय की सोडा, अवो सोडा. त्यानं सोडलं नाही. पुढं बाभळीच्या मुळीत अडकून दोघं वाचले. मेंढ्याला काही झालं नाही, याचा खांदा मात्र निखळला. तेव्हापासून तिच्या पोटात एक भीती घर करून बसली, की हा माणूस एक दिवस सोडायच्या वेळेला सोडणार नाही आणि आपण काठावर नुसतं बघत राहू.

पुढं चराईची रानं प्लॉटिंगखाली गेली. कळप कमी करत करत मल्हाररावानं एक जुना डिझेल पिकअप घेतला आणि दुसऱ्यांच्या शेळ्यामेंढ्या बाजाराला पोचवायचं काम धरलं. गाडीलाही तो जनावरासारखंच वागवायचा. चढ चढून आली की बॉनेटवर थाप मारायचा, उन्हात उभी करायचा नाही. तरीही भर चैत्रात पैठणच्या रस्त्यावर ती बंद पडली ती पडलीच. ऑइल कुठूनतरी गळून गेलं होतं आणि ते दाखवणारा दिवा पेटलाच नव्हता. आतलं सगळं कोरडं होऊन इंजिन जॅम झालं. ओढून आणलेली गाडी अंगणात उभी करून तो उंबऱ्यावर बसला आणि बानाबाईला म्हणाला, "तहानेनं मेली गं ती. आन् मला कळलं नाय."

त्या दिवशी तो जेवला नाही. गाडीसाठी कुणी उपास धरतं का, असं ती म्हणाली खरी, पण तिलाही वाईट वाटलं.

गॅरेजवाल्यांनी सांगितलं, गाडी आमच्याकडं सोडून जा. पण सोडून जाणं हेच तर याला जमत नव्हतं. दुसऱ्याच्या दारात जनावर बांधून आपण घरी झोपायचं, हे त्याच्या बुद्धीला पटेना. शेवटी धाकटा भाऊ आदिनाथ मध्ये पडला. आदिनाथ शहरात एका गॅरेजवर हाताखाली काम करून शिकला होता आणि आता एका कारखान्याची बस चालवायचा. आई गेली तेव्हा हे पोर चालायलाही शिकलं नव्हतं. बानाबाई नवी नवरी होऊन घरात आली आणि आल्या आल्या तिनं याला कडेवर घेतलं. तो म्हणाला, दुसरं इंजिन आणू आणि घरीच बसवू, मी सुट्टी काढतो.

इंजिन आणलं शहरातल्या शहागंजाच्या पलीकडच्या एका भंगारवाल्याकडून. उलटलेल्या गाडीतून काढलेलं होतं, पण खरोंच भी नहीं आयी चाचा, असं तो छातीवर हात ठेवून सांगत होता. त्या गाडीत माणूस गेलं असेल का, असं बानाबाईनं आदिनाथला हळूच विचारलं. भंगारात आलेल्या गाडीला असलं काही विचारायचं नसतं, असं म्हणून तो हसला. तिला हसू आलं नाही.

अंगणात तीन लोखंडी पाइपांची तिपाई उभी राहिली, तिला चेनपुली लागली आणि जुनं इंजिन काढून नवं वर टांगलं गेलं. काळंकुट्ट, तेलकट धूड. वारा नसतानाही ते साखळीला सावकाश फिरत राहायचं, कधी या बाजूला तोंड, कधी त्या. बानाबाईला हंडा घेऊन त्याच्या शेजारून जावं लागायचं. ती गोठ्यामागून वळसा घालून जाऊ लागली. वयनीला इंजिन डोळं वटारतंय, म्हणून आदिनाथनं तिची चेष्टाही केली. पण तिला खरोखरच ते आपल्या घराकडं बघतंय असं वाटायचं.

इंजिन खाली घेताना आदिनाथ साखळी सैल करत होता आणि मल्हारराव ते जागेवर बसवायला खाली हात घालून दिशा देत होता. हात काढ दादा, हात काढ, असं आदिनाथ चार वेळा म्हणाला. बाळंतीण मेंढीला आधार द्यावा तसा याचा तळवा त्या लोखंडाखाली. तेवढ्यात साखळीची एक कडी खटकन सरकली आणि सगळं वजन बोटभर खाली आलं. मल्हाररावानं नेमका तेव्हाच घाम पुसायला हात काढला होता. तो स्वतःच बघून हसला. बानाबाई मात्र हंडा तिथंच टाकून धावत आली.

तिनं त्याला बाजूला ओढलं आणि म्हणाली, "मी सोडा म्हणलं की सोडायचं. इचारत बसायचं नाय. मला शब्द द्या."

त्यानं मान डोलावली. या मान डोलावण्याला काय किंमत आहे, हे तिला चांगलं ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पाइप जोडून झाले, वायरी लागल्या. आदिनाथनं सगळं उघडायच्या आधी मोबाइलवर फोटो काढून ठेवले होते, ते बघून बघून तो जोडत होता. मग त्यानं ऑइल भरलं, आत बुडवायची पट्टी काढून खुणेपर्यंत आलंय हे भावाला दाखवलं, आणि बॅटरीसाठी वायर मागायला सांडू नावाच्या शेजाऱ्याकडं गेला. मल्हारराव डब्याकडं बघत उभा राहिला. डब्यात अजून बरंच ऑइल उरलं होतं. त्यानं झाकण फिरवलं आणि उरलेलं सगळं आत ओतलं.

बानाबाई ओट्यावरून बघत होती. तो तिला म्हणाला, "जुन्याला कमी पडलं व्हतं."

पाहुणा नको नको म्हणत असताना आणखी एक भाकरी वाढावी, तसंच तिला ते वाटलं. तिला बिचारीला यातलं काय ठाऊक, आणि त्याला तरी काय ठाऊक. डिझेलच्या इंजिनात ऑइल जास्त झालं की ते नको त्या वाटेनं, हवा आत जाते त्या वाटेनं, वर चढतं. मग इंजिन डिझेलऐवजी तेच ऑइल जाळायला लागतं आणि चावीचं ऐकेनासं होतं. हे आदिनाथला माहीत होतं. पण तो सांडूच्या घरी वायर शोधत होता.

तो परत आला तेव्हा डबा गोठ्यात ठेवला गेला होता. गाडीची पुढची चाकं काढलेली होती आणि पुढचा भाग दगडांवर उचलून ठेवला होता, कारण खालचे बोल्ट आवळायचे होते. आदिनाथ म्हणाला, दादा तू चावी मार, कुठून गळतंय का ते मी खालून बघतो. गोणपाट अंथरून तो पाठीवर सरकत गाडीखाली गेला.

पहिल्या दोन वेळेला इंजिन नुसतं कण्हलं. तिसऱ्यांदा धरलं. मल्हारराव पोरासारखा खाली उतरला, बॉनेटपुढं आला आणि त्यानं थाप मारली. बानाबाईही ओट्यावरून उतरून जवळ आली. त्या आठवड्यात ती पहिल्यांदाच मनापासून हसली असेल.

मग आवाज चढायला लागला. रेसवर कुणाचा पाय नव्हता, तरी तो चढतच होता. मल्हाररावानं धावत जाऊन चावी फिरवली, उपसून हातात घेतली. आवाज आणखी चढला. चावी याच्या मुठीत आणि इंजिन आपलं सुसाट. मागून पांढरा धूर सुटला, दाट, डोळे जाळणारा, आणि बघता बघता अंगण, गोठा, घराचं दार सगळं त्यात बुडालं. पत्रे थरथरत होते. गाडी जागच्या जागी उड्या मारल्यासारखी हलत होती.

बानाबाई मागं सरकली. धुरातून तिला एवढंच दिसलं की मल्हाररावानं चावी फेकली आणि दोन्ही हात पुढं करून तो गाडीकडं निघाला, अगदी गिरजेत निघाला होता तसाच. इतकी वर्षं जे होणार म्हणून ती धास्तावली होती ते आता होत होतं, आणि या खेपेला ती काठावर उभी राहणार नव्हती. तिनं झेप घेतली, मागून त्याच्या कमरेला मिठी मारली आणि टाचा मातीत रोवल्या.

तो वळून काहीतरी ओरडत होता. त्याचं तोंड उघडत मिटत होतं, तो खाली कुठंतरी बोट दाखवत होता. त्या आवाजात तिला एक अक्षर ऐकू आलं नाही. तीही ओरडत होती, सोडा, सोडा म्हणून, आणि तिचं तिलाही ऐकू येत नव्हतं. तो तिची बोटं उचकटायला लागला. आयुष्यभर मेंढ्या धरलेल्या, हंडे उचललेल्या बाईचे हात ते, ते काही निघेनात. आदिनाथ आवाज चढताच बाहेर पडून पलीकडं गेला असणार, असं तिनं नंतर स्वतःला पुष्कळ सांगून बघितलं. खरं म्हणजे त्या घडीला आदिनाथ तिच्या डोक्यातच नव्हता.

मग आत काहीतरी तुटलं. लोखंड फोडून बाहेर आल्याचा एकच दणका झाला आणि सगळं गप्प झालं. त्या शांततेत गाडीखालून आदिनाथचा आवाज आला.

गाडीच्या हिसक्यांनी एक दगड सरकला होता आणि पुढचा भाग त्याच्या पायावर बसला होता. मल्हाररावाला ते दिसलं होतं. नुसता कडेला पडलेला जॅक लावून वीतभर उचलायला मिळालं असतं तर पाय निघाला असता. इंजिन फुटलं तेव्हा उकळतं ऑइल त्याच पायावर सांडलं. सांडू आणि वस्तीतले चौघे धावत आले, गाडी उचलली, आदिनाथला शहरात घाटीच्या सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी होतं नव्हतं ते केलं, पण गुडघ्याखालचा पाय काढावा लागला. बस चालवण्याचा विषयच संपला.

तो घरी आल्यावर माणसं भेटायला येऊ लागली. प्रत्येकाला तो तेच सांगायचा, रागानं नाही, नवल वाटल्यासारखं. धूर वर होता, जमिनीलगत हातभर पुढचं तेवढं दिसत होतं. दादाचे पाय आले, गाडीपासून हाताच्या अंतरावर आले आणि थांबले. मी हाका मारत होतो, पण ते जागचे हलले नाहीत. ऐकणारे मल्हाररावाकडं बघायचे. मेंढ्यासाठी पुरात उडी घेणारा माणूस, आणि सख्ख्या भावाला गाडीखाली ठेवून उभा राहिला? कुणी तोंडावर विचारलंच तर तो खाली बघून म्हणायचा, "भ्यालो मी."

वस्तीला तेवढं पुरलं. पूर्वी लोकर कातरताना एखादा दांडगा मेंढा आवरेनासा झाला की मल्हाररावाला हाक जायची. आता ती जाईना. तो दिसला की बोलणी थांबायची. करडाचा आणि एसटीचा किस्साही कुणी सांगेना.

बानाबाईला हे सोसवेना. एकदा रानात दोघंच असताना ती म्हणाली, मी आदिनाथला खरं सांगते. मी तुम्हाला धरून ठेवलं, तुम्ही थांबला नव्हता. ती रडत होती. आपणच वाढवलेल्या पोराचा पाय आपल्याच हातांनी गेला, या विचारानं तिला रात्र रात्र झोप नव्हती.

मल्हाररावानं तिचं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "नको सांगू. माझ्यावर रागावला तर भाऊ हाय मी, कवा तरी निवंल. पर तुझ्याशिवाय त्याला आई नाय."

ऑइल मीच जास्तीचं ओतलं, असंही तो म्हणाला. ती त्यावर वाद घालत राहिली. तो पुन्हा बोलला नाही, आणि त्यानं एकदा ठरवलं म्हणजे काय ते तिला वेगळं सांगायला नको होतं.

आणि मग एका दुपारी आदिनाथनं तिलाच विचारलं. तो बाजेवर बसून जेवत होता, ती समोर बसून वाढत होती, मल्हारराव दारात शेळीसाठी पाला तोडत होता. आदिनाथ हातातला घास तसाच धरून म्हणाला, "वयनी, तू तर तिथंच व्हतीस. खरं सांग, दादा कामून थांबला?"

मल्हाररावाचा हात थांबला. त्यानं मान वर केली नाही. बानाबाईच्या ओठांवर सगळं आलं होतं, एक शब्द सुटला असता तर पुढचे आपोआप आले असते. तिनं आदिनाथकडं बघितलं. लहानपणी ताप आला की तो असाच तिच्या तोंडाकडं बघायचा.

"धूर लई व्हता रं," ती म्हणाली. "मला काय दिसलं नाय."

आदिनाथ दाराकडं पाठ करून बसला आणि जेवायला लागला. मल्हारराव पाला घेऊन गोठ्याकडं निघून गेला. आदिनाथनं ताट पुढं केलं, आणि बानाबाईनं त्याला आणखी एक भाकरी वाढली.