आतोबांचा बिबा

आमच्या आतोबांना जितक्या वेळा बिबा उतला तितक्या वेळा साऱ्या बुलढाणा जिल्ह्यात कुणाला उतला नसेल, आणि आतोबांनी जन्मात कधी बिब्याला हात लावला नव्हता. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. दुसरबीडला त्यांचा वांग्या-मिरच्यांचा मळा होता, नाल्यापलीकडे ज्वारीचं रान होतं आणि ओसरीवर दोन शिकारी कुत्री होती. मळा आत्या बघायची, रान गडी बघायचे आणि आतोबा कुत्र्यांकडे बघत बसायचे. दर हिवाळ्यात त्यांच्या अंगावर लाल चट्टे उठत, हात सुजत, बारीक फोड येत, आणि ते अंगणातल्या खांबाला पाठ घासत उभे राहत. गोठ्यातली म्हैसही तेव्हा मान वळवून, हा काय प्रकार आहे, असं त्यांच्याकडे बघायची.

मी नागपूरच्या कॉन्व्हेंटात शिकत होते. नाताळच्या सुट्टीत वडील मला आत्याकडे पोचवून देत, म्हणजे माझं मराठी अगदीच वाया जाऊ नये. पहिल्याच वर्षी अंगणात पाऊल ठेवते तो आत्या म्हणाली, "आली का वं? तुह्या आतोबाले पुन्हा बिबा उतला." उतणं म्हणजे दूध उतू जाणं, एवढंच मला ठाऊक होतं; बिब्यानं अंगावर फोड येण्यालाही उतणंच म्हणतात, हे नव्हतं. मी चप्पल काढून धावत चुलीकडे गेले आणि तिथं जे पातेलं होतं ते उतरवून ठेवलं. त्यात वरण होतं आणि ते अजून शिजायचं होतं. हा किस्सा आतोबांनी पुढं अनेक वर्षं, माझ्यादेखत, येणाऱ्या प्रत्येकाला सांगितला. मी तिथंच पुस्तकात तोंड घालून बसलेली असे.

आतोबांची शिकार ही एक वेगळीच गोष्ट होती. बंदूक नव्हती. एक काठी आणि गळ्यात दोरीनं बांधलेली पितळेची शिट्टी, एवढंच शस्त्र. कुत्री त्यांनी लमाणांच्या तांड्यावरून पिल्लं असताना आणलेली, उंच टांगांची, बरगड्या मोजता येतील अशी. कुत्र्याचं नाव तोफ्या आणि कुत्रीचं बिजली. तोफ्या भुंकत नसे आणि बिजलीला पळायचा कंटाळा होता. रोज पहाटे ही तिघं नाल्याकाठच्या झाडीत जात आणि ऊन चढल्यावर रिकाम्या हातांनी परत येत. एकदा मी त्यांच्यामागून गेले होते. ससा निघाला, आतोबांनी शिट्टी वाजवली, आणि दोन्ही कुत्री शिट्टी ऐकून, शिकवल्याप्रमाणं, आतोबांच्या पायाशी येऊन बसली. ससाही थोडा पुढं जाऊन थांबला आणि वळून बघू लागला. "पाह्यलं?" आतोबा मला अभिमानानं म्हणाले, "कशी आइकतात ते."

चट्ट्यांचं कारण मात्र दर वर्षी नवं असे. एका वर्षी वांग्याच्या पानांची लव, एका वर्षी परिटानं सदऱ्याला घातलेली जास्तीची खळ, एका वर्षी जालन्याकडून येणारा वारा. छप्पन साली नवं राज्य झालं, त्या वर्षी त्यांनी दोष राज्याला दिला. "नागपूरची राजधानी मुंबईले गेली. राजधानी बदलली का पानी बदलते. आंगाले सवय व्हाले टाइम लागते ना, बाप्पा." दवाखान्यातल्या कंपाउंडरनं अंगाला लावायचं गुलाबी औषध देताना विचारलं, "घरात कुत्रं आहे का?" आतोबा म्हणाले, "कुत्रं नाई. बिजली हाये." आणि औषध न घेता घरी आले.

आत्याला संशय होता, पण पुरावा नव्हता. एका हिवाळ्यात आतोबांचा चेहरा एवढा सुजला की दोन्ही डोळे मिटले, आणि ऐन वांग्यांच्या तोड्यात चार दिवस आत्यानं त्यांना हातानं भरवलं. पाचव्या दिवशी डोळे उघडले तेव्हा समोर कमरेवर हात ठेवून ती उभी होती. "तुमाले सांगून ठेवते," ती म्हणाली, "हे कुत्र्यायपासून होते असं ज्या दिवशी नक्की झालं, त्या दिवशी कुत्रे या घरात राहणार नाई. मंग तुमी रडा नाई तं पडा." आतोबांनी बिजलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि शांतपणे म्हणाले, "या मुक्या जिवाची शप्पथ, ते वांग्याचंच हाये."

ते वांग्याचं नव्हतं, हे मला कळलं ते एका चादरीमुळं. कमी बोलणाऱ्या माणसाला बघायला पुष्कळ वेळ मिळतो. ओसरीवर बसून माझ्या लक्षात आलं होतं की आतोबांचे चट्टे ठरलेल्या जागी उठतात, डाव्या मांडीवर, कोपराच्या लवणीत आणि एका गालावर. फिरून आल्यावर बिजली नेमकी तिथंच डोकं टेकायची. मग एकदा तिच्या मानेच्या केसांत मला काळे डाग दिसले. आमच्या हॉस्टेलच्या चादरीच्या कोपऱ्यावर धोबी एक काळी खूण घालायचा, कितीही धुतली तरी न जाणारी. हुबेहूब तसाच तो रंग. मी आत्याला, ती खूण कशानं घालतात, एवढंच विचारलं. ती पीठ मळता मळता म्हणाली, "बिब्याच्या तेलानं. तुमच्या शाळेत काईच सांगत नाई काय वं?" नाल्याकाठी बिब्याची झाडं होती. फळं वाटेवर पडत, गाड्यांच्या चाकाखाली चिरडली जात, आणि शिकारीला निघालेली आमची बिजली त्यांत मनसोक्त लोळून येई. कुत्र्याला केसांमुळं काही होत नाही. जे व्हायचं ते कुत्र्याला कुशीत घेणाऱ्याला होतं.

मी कुणाला काही बोलले नाही. बोलले असते तर कुत्री गेली असती, आणि त्या घरात मला प्रश्न न विचारणारी तेवढी दोघंच होती.

मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना आत्यानं मेहकरकडचं एक स्थळ काढलं. मुलगा चांगला होता, घर चांगलं होतं, पाहायला यायचा रविवार ठरला, आणि वडील मला घेऊन दुसरबीडला आले. मला शिकायचं होतं. पण वडिलांना नाही म्हणायला मला कोणत्याच भाषेत येत नव्हतं. शुक्रवारी दुपारी सगळे आपापल्या कामात असताना मी ओसरीच्या टोकाला गेले. बिजली नुकतीच नाल्यावरून आलेली, अंग तेलकट, मानेवर ताजा काळा डाग. मी तिच्या गळ्यात हात टाकले, त्या डागावर आधी उजवा गाल टेकला, मग डावा, आणि पुष्कळ वेळ तशीच बसले. बिजलीनं एकदा माझ्याकडं बघितलं आणि जांभई दिली.

रविवारी सकाळी माझा चेहरा पुरीसारखा फुगला होता. एक डोळा पूर्ण मिटलेला, गालांवर लाल चट्टे, त्यांवर फोड. आत्यानं वाटलेले तीळ आणि लोणी फासलं, त्यानं ते सगळं चकाकू लागलं. निरोप धाडायला वेळच नव्हता. पाहुणे एस.टी.नं येऊन दारात उभे होते.

मी पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आले. मुलानं एकदा बघितलं आणि तो छताचे वासे मोजू लागला. त्याची आई पदर सावरत पुढं सरकली. मग तिनं वडिलांना हळूच विचारलं, "हे असं जन्मापासूनच हाये काय?" तिच्या शेजारी बसलेले मुलाचे मामा त्याहून हळू म्हणाले, "रक्तातलं तं नाई ना काही? नाई म्हणजे, विचारलेलं बरं." वडिलांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. तेव्हा मला कळलं की मी केवढी चूक केली होती. मला हे एक स्थळ नको होतं, पण मेहकरपासून लोणारपर्यंत एकदा का 'त्या मुलीच्या रक्तात काहीतरी आहे' असं झालं, की ते पुसायला कुठलंही तीळ-लोणी पुरलं नसतं. वडिलांना जन्मभर मान खाली घालावी लागली असती. मी पोह्यांचा ट्रे खाली ठेवला.

कोपऱ्यात आतोबा सुपारी कातरत बसले होते. त्यांनी अडकित्ता खाली ठेवला.

"बिबा हाये तो," ते म्हणाले. "कुत्र्याचा."

आत्या चहाची किटली हातात धरून दारातच थांबली. आतोबांनी तिच्याकडं बघितलं नाही. त्यांनी कोटाची बाही वर सारली, आणि कोपराच्या लवणीतले आपले चट्टे पाहुण्यांपुढं धरले. "हे पाहा. आमची बिजली बिब्यात लोळते आन् आंगावर येते. मले नऊ वर्षं झाले, दरसाल उतते. आठ दिवसांत साफ जाते, डागबी राहत नाई. पोरीत काईच दोष नाई. दोष कुत्र्यात हाये." एवढं बोलून त्यांनी बाही खाली केली आणि पुन्हा सुपारी कातरू लागले. सुपारीचे तुकडे त्या दिवशी फार जाड निघाले.

पाहुण्यांची खात्री पटली. त्यांनी पोहे खाल्ले, बिब्यावर ज्याला त्याला माहीत असलेले उपाय सांगितले, आणि कळवतो म्हणून गेले. पुढं पत्रिका जुळत नाही असं कळलं, त्यांनी खरंच जुळवून पाहिली होती की काय कोण जाणे. वडील म्हणाले, आता बी.ए. होऊन जाऊ दे. रक्ताचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

 आत्याला आपली ताकीद आठवून द्यायची गरजच उरली नव्हती. मंगळवारी आतोबांनी दोन्ही कुत्र्यांच्या गळ्यात दोऱ्या बांधल्या. लोणारजवळ त्यांचा एक मित्र मेंढरं पाळत असे, त्याच्याकडं ती जायची होती. बैलगाडी जुंपायला वेळ होता. मी खांबाशी उभी होते, माझा डोळा नुकताच उघडू लागला होता.

"काऊन बसली होती तिच्यापाशी?" त्यांनी दोरीची गाठ बघत विचारलं.

"सहज," मी म्हणाले.

"दोन्ही गालाले सहज बिबा उतत नसते, पोरी."

मी खाली बघितलं. मग धीर करून विचारलं, "तुम्हाला केव्हा कळलं होतं, आतोबा? की कुत्र्यामुळं होतं?"

"पहिल्याच साली," ते म्हणाले. "बह्याड समजली काय मले? पन आंगावर आलेल्या जिवाले दूर हो कसं म्हनाव?" शप्पथ घेतल्याबद्दल त्यांनी बिजलीची पाठ थोपटून माफी मागितली, आणि गाडीत बसले.

त्यानंतर महिन्यातून एकदा तरी आतोबा लोणारला जाऊ लागले. कारण कधी बियाण्याचं, कधी मित्राच्या तब्येतीचं. हिवाळ्यात तिकडून आले की डावी मांडी, कोपर आणि एक गाल लाल. आत्या विचारायची, "हे काय आता?" आतोबा म्हणायचे, "एस.टी.ची सीट. धूळ केवढी असते त्याच्यात." आत्या "सरकारनं सीटा बदलाव्या" एवढंच म्हणायची आणि खोबरेल तेलाची वाटी आणून त्यांच्यापुढं ठेवायची. सिद्ध झालेल्या गोष्टीवर ती दोघं पुन्हा पहिल्यासारखी वाद घालू लागली होती, फक्त आता आवाज खाली आला होता.

माझं एम.ए. संपलं त्या हिवाळ्यात मी दुसरबीडला गेले. तोफ्या आदल्या वर्षीच गेला होता, लोणारला बिजली तेवढी उरली होती. आतोबा आदल्या दिवशी लोणारहून आले होते आणि ओसरीवर उन्हात बसले होते. शिट्टी गळ्यात नव्हती. मी पाया पडले तेव्हा त्यांनी दोन्ही बाह्या वर सारून हात माझ्यापुढं धरले. हात स्वच्छ होते. एकही चट्टा नव्हता. "यंदा काईच नाई उतलं, पाह्य," ते म्हणाले, जसं एखाद्यानं यंदा पीक आलं नाही म्हणून सांगावं. "हवा चांगली हाये यंदा."

आत्या आतून आली. तिनं त्या हातांकडं बघितलं, मग त्यांच्या तोंडाकडं. ती परत आत गेली, खोबरेल तेलाची वाटी घेऊन आली, खाली बसली, आणि त्या स्वच्छ हातांना तेल चोळू लागली.