मोठा सर्व्हर हरावा म्हणून

चेन्नईत वेस्ट मांबलमच्या आमच्या भाड्याच्या घरात एकच ए.सी. होता, झोपायच्या खोलीत, तोही घरमालकांनी बसवलेला, आणि त्या एप्रिलात ती खोली सर्व्हरनी घेतली. मी आणि बाळ बाहेर पंख्याखाली. बाळाची मान घामोळ्यानं लाल झालेली आणि आत ती लोखंडी खोकी गारव्यात बसलेली. म्हटलं, अहो, दुपारपुरतं तरी हिला आत झोपवू द्या की. तर हे म्हणाले, "दार सारखं उघडलं की खोली तापते, आकडे बिघडतात." मला खोक्यांचा हेवा वाटायला लागला, खरंच सांगते. मग ती बाई यायला लागली आणि वाटलं, खोकी परवडली.

ह्यांची कंपनी म्हणजे एका दुकानावरच्या दोन खोल्या, तिथला ए.सी. बंद पडलेला, म्हणून टेस्ट आमच्या घरी. बारावीचे निकाल वेबसाइटवर दाखवायचं काम त्यांना मिळालं होतं. निकालाच्या सकाळी सगळी पोरं एकदम नंबर टाकणार आणि तेव्हाच मशीन बसलं तर बोंब. म्हणून काय घ्यायचं ते ठरवायचं होतं, एकच मोठा भारीतला सर्व्हर, की रिची स्ट्रीटच्या बाजारातून सुटे भाग आणून जोडलेली तीन साधी मशीनं. दोन्ही आठवडाभर वापरायला आणलेली. लॅपटॉपवरून खोटी पोरं सोडायची, हजारोंनी, आधी मोठ्यावर, मग त्या तिघांवर, आणि बघायचं कोण किती जणांना झटपट निकाल देतंय. मी नववीतच शाळा सोडलेली, मला कॉम्प्युटरमधलं ओ का ठो कळत नव्हतं, पण ही खोटी पोरं मला लगेच कळली. निकालाची वाट बघणं कुणाला कळत नाही?

ती ह्यांच्याच ऑफिसातली इंजिनिअर. स्कूटीवर यायची, केसात मोगरा, खांद्यावर बॅग, दारात चपला काढायची आणि सरळ माझ्या झोपायच्या खोलीत. वरून मराठी बोलणारी! तंजावरकडच्या जुन्या मराठी घरातली. तिची मराठी कीर्तनातल्यासारखी, मध्येच तमिळ घुसलेलं, आणि हेल तर सगळा तिकडचाच. मी लग्न होऊन इथं आल्यापासून मराठी ऐकायला जीव टाकत होते, आणि मराठी आली ती ह्यांच्याशी बोलायला. हे तिच्या एकेका शब्दाला हसायचे. "परत म्हण, परत म्हण," म्हणायचे. मला कधी परत म्हण म्हणाले नाहीत. आणि बाळ! माझ्याकडे दिवसभर किरकिर करणारं बाळ तिनं हात पुढे केला की झेपावायचं.

एकदा मी कॉफी घेऊन आत गेले तर ती म्हणत होती, "मोठा जिंकला तर तो बंगळूरास ठेवतील ना, सोबत एक माणूस सहा महिने. सरांशी बोललांत?"

"बोललो," हे म्हणाले, आणि मला बघून दोघं लॅपटॉपकडं वळली.

हे बंगळूरला, मी इथं बाळाला घेऊन एकटी, डॉक्टरला बाळाला काय होतंय ते सांगण्याइतकं तमिळ येत नाही, रात्री ताप चढला तर कुणाला हाक मारू, आणि मागून हीपण बॅग भरून बंगळूरला गेली तर? विचारायचं धाडस झालं नाही. विचारलं आणि हो म्हणाले तर काय करायचं होतं? मी फक्त ठरवलं की मोठा हरायला पाहिजे. सकाळी देवापुढं दिवा लावताना त्या तीन साध्या मशीनसाठी हात जोडायचे, हसू नका.

दर तासाला दारातून डोकावायचे. "कोण पुढं आहे?"

"तुला कधीपासून एवढा रस?" हे म्हणायचे.

सकाळी माझी तिघं पुढं असायची. दुपार झाली की ढेपाळायची. रोज तसंच. शेवटी हे म्हणाले, "झालं, मोठाच घ्यायचा. सरांना कळवून टाकतो." मी ओट्यावरचं काम टाकून दारात आले.

तर तीच म्हणाली, "थांबा हो. ती तिन्ही भिंतीस चिकटून आहेत. दुपारी ती भिंत तापते, आणि ए.सी.चा वारा सगळा मोठ्यावर. ही काय टेस्ट झाली?"

"आता पुरे की. वेळ कुठं आहे?"

"जागा बदलून उद्या परत करू. दोघांस सारखाच गारवा, सारखंच काम. नाहीतर तुलना खोटी."

मी दारात ऐकत होते. मनात म्हटलं, बाई, सारखं काम, सारखा गारवा! तुला कॉलेज, तुला स्कूटी, मला नववी आणि कडेवर पोर. आपल्या दोघींची तुलना मी रोज करत होते आणि रोज हरत होते, तेव्हा कुणी जागा बदलून बघितल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी जागा बदलल्या. भर दुपारी माझ्या तिघांनी टक्कर दिली, मोठ्याच्या पुढं गेली आणि पुढंच राहिली. हे खूश, कारण खर्च वाचला. फोनवर सरांना म्हणाले, "असेंबल केलेलीच घेऊ. हो हो, चेन्नईतच." मी स्वयंपाकघरात जाऊन पदरात तोंड घालून रडले, सुटल्यासारखी.

डोळे पुसून बाहेर आले तर ती एकटीच हॉलमध्ये बसलेली, बाळ मांडीवर. तोंड उतरलेलं.

"वैनी, मी जाणार होते बंगळूरास," ती म्हणाली. "सरांना मीच विचारलं होतं, तुमच्या ह्यांस शब्द टाकायला सांगितलं होतं. घरी दर रविवारी मुलगा बघतात हो. म्हटलं, सहा महिने तरी सुटेन."

म्हटलं, "हे नव्हते जाणार?"

आतून हेच ओरडले, "मी कसा जाईन? बाळ एवढंसं. सरांना पहिल्याच दिवशी नाही म्हणून सांगितलं होतं."

"मग मला का नाही सांगितलं?"

"तू विचारलंस कुठं!"

म्हणजे तिला मोठा जिंकायला हवा होता. गप्प बसली असती तर जिंकला असता, कुणाला कळलं नसतं. तिच्या जागी मी असते आणि माझं जाणं-राहणं त्यावर असतं, तर मी त्या मशीनांना एक बोट लावलं नसतं. मला तिची कीव यायला हवी होती. आली नाही. उलट केस, स्कूटी, कॉलेज, बाळाचं झेपावणं, ह्या सगळ्यांपेक्षा जास्त मी तिच्यावर त्या दुपारी जळले.

"उद्यापासून येऊ ना, वैनी? ही तीन नीट बसवायची आहेत," ती म्हणाली.

मी बाळ तिच्या मांडीवरून उचलून घेतलं. जरा जोरातच. म्हटलं, "ये की."