सव्वीस फुटांवरची चादर

कालव्याचा पूल ओलांडून आम्ही चढाला लागलो तेव्हा भाऊजी चौथ्यांदा थांबले आणि मागे वळले. मीही वळले. खाली सगळं शिवार सकाळच्या धुक्यात बुडालेलं होतं. ना घर दिसत होतं, ना कुंपण, ना आम्ही चालून आलो ती पायवाट. आणि त्या पांढऱ्यावर, कशालाच न टेकता, एक लाल ठिपका तरंगत होता.

"दिसतंय," ते म्हणाले.

"दिसतंय," मी म्हणाले.

त्यांनी खिशातून घडीचा कागद काढला, पुलाच्या नावापुढे पेन्सिलीने फुली मारली आणि पुन्हा चालायला लागले. सावकाश. घाई करायची ती तेहतीस वर्षांत करून झाली, असं ते म्हणत.

भाऊजी म्हणजे माझे मोठे दीर. गावात त्यांना बंबवाले म्हणतात. नोकरी सगळी शहरातल्या अग्निशमन दलात गेली, त्यातली शेवटची एकोणीस वर्षं आगीचा बंब चालवण्यात. निवृत्त झाल्यावर ते आणि जाऊबाई गावाबाहेर दोन खोल्यांचं बैठं घर बांधून राहायला आले. आणि काही वर्षांनी त्यांच्या मागोमाग बंबही आला. दलाने तो मोडीत काढला होता. भाऊजींनी साहेबांना गाठून मागून घेतला. साहेब भला माणूस, त्यांनी एकच अट घातली: दोन वर्षांच्या आत बंब पक्क्या छपराखाली गेला पाहिजे, नाहीतर दल तो परत नेणार आणि भंगारात तोडायला देणार. भाऊजींनी सही करून दिली. ती दोन वर्षं आता चार महिन्यांत भरत होती, आणि बंब अजून घरामागे ताडपत्रीखालीच उभा होता. केबिनच्या तळाला गंज धरला होता. मी त्यांच्याकडे राहायला आले त्याच दिवशी त्यांनी तो मला दाखवला. एखाद्याने आपल्या माणसाच्या अंगावरचं गळू दाखवावं, तसा, हलक्या हाताने.

गॅरेजचा नकाशा त्यांनी स्वतः काढला होता, शाळेतल्या चौकटीच्या कागदावर. आयुष्यभर ज्या इमारतीत वावरले तशीच इमारत त्यांच्या हातून उतरली. पुढे एक दार, मागे एक दार, म्हणजे बंब कधी मागे घ्यावा लागू नये. आणि कोपऱ्यात सव्वीस फूट उंच एक चौकोनी मनोरा. अग्निशमन केंद्राला असा मनोरा असतो. ओले पाइप त्यात उभे टांगून वाळवतात, नाहीतर कापडी पाइप कुजतात. आता भाऊजींकडे पाइप होता एकच, तोही फाटका.

जाऊबाई म्हणायच्या, "म्हातारपणी किल्ला बांधतायत. मला राहायला दोन खोल्या, आणि त्या तांबडीला बुरूज."

नियोजन कचेरीचं उत्तर आलं ते मी मोठ्याने वाचून दाखवलं होतं. "प्रस्तावित गॅरेज हे मूळ घराच्या मानाने अवाजवी मोठे व उंच असून ते लांबूनही दिसेल व मोकळ्या शिवाराच्या रूपास बाधा आणेल. सबब परवानगी नाकारण्यात येत आहे." खाली सहा जागांची यादी होती, जिथून ते दिसेल असं कचेरीचं म्हणणं होतं. फोनवर तिथली बाई बिचारी चांगलं बोलली. म्हणाली, "काका, तो उंच भाग काढून टाकलात तर बाकीच्याचं बघता येईल. महिन्याच्या आत नवा अर्ज द्या."

भाऊजींनी फोन ठेवला आणि म्हणाले, "कोणाला दिसणार आहे इथे? कावळ्यांना?"

"मग बघूनच या ना," जाऊबाई म्हणाल्या.

म्हणून त्यांनी दोन बांबू एकाला एक जोडून जागेवर उभे केले. सव्वीस फुटांवर जाऊबाईंची लाल चादर बांधली, आणि नुसत्या छपराची उंची म्हणून तेरा फुटांवर पिवळा टॉवेल. मग यादी खिशात घातली आणि मला म्हणाले, "तू चल. मला दिसायला नको असेल तिथे मला दिसणार नाही. माझ्या डोळ्यांवर आज माझा भरवसा नाही."

अशी आम्ही वाट धरली होती. रस्त्याचं वळण झालं, चर्मकाराचं शेत झालं, पाण्याची टाकी झाली, पूल झाला. चारही फुल्या.

चढावर गवत कमरेएवढं होतं आणि दवाने जड होऊन वाटेवर कललेलं. माझं लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलं. आवाज कसलाच नव्हता, आमच्या पावलांचाही नाही. आपण चालतोय की उभे आहोत आणि डोंगरच मागे सरकतोय, असं क्षणभर वाटायचं. मी मनात देवाचं नाव घेत होते, पण मागायचं काय ते कळेना. चादर दिसू नये असं मागावं, तर ती दिसत होतीच. डोळ्यांसमोर आहे ते नसावं असं देवाला म्हणणं मला बरं वाटलं नाही. म्हणून नुसतं नावच घेत राहिले.

खाणीपाशी फोन वाजला. जाऊबाई.

"पोचलात का स्वर्गात? मी किती वेळ उभी राहू इथे?"

"तुला कोणी उभं राहायला सांगितलंय? बांबू बांधलाय की!" भाऊजी म्हणाले.

"वारा सुटलाय. तुमचा बुरूज डुलतोय. माझी चादर फाटली ना, तर मी तुमच्या बंबाची ताडपत्री पांघरेन, सांगून ठेवते."

"पांघर. त्याला बरं वाटेल, सोबत होईल."

"अहो, तिला विचारा, दमली का ती. तिला कशाला फरफटवताय?"

"मी नाही दमले, जाऊबाई," मी ओरडून सांगितलं.

"ती काय सांगणार! तुमच्या घराण्यात येऊन दमले म्हणायची सोय आहे का?" आणि फोन बंद.

भाऊजी हसले. हसताना त्यांचा एक खांदा वर जातो, तसा गेला. खाणीवरूनही चादर दिसत होती. पाचवी फुली मारताना पेन्सिलीचं टोक मोडलं. त्यांनी ते नखाने सोलून पुन्हा काढलं.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते माझ्या लग्नात. जेवायला बसले ते भिंतीला पाठ लावून, दाराकडे तोंड करून. अजूनही तसेच बसतात. झोपताना बूट पलंगाशी, आणि पँटचे पाय बुटांवर आधीच चढवून ठेवलेले. उठायचं, पाय घालायचे, वर ओढायचं, की माणूस तयार. जाऊबाईंनी ती सवय मोडायचा नाद कधीच सोडला. आगीबद्दल ते बोलत नाहीत. बोलले तर गमतीचं बोलतील. टाकीत पडलेली मांजर, न्हाणीघरात अडकलेली कोण्या सावकाराची सासू. बाकीचं कुठे ठेवलंय त्यांनी, देव जाणे.

माथ्यावर पोचलो तेव्हा धुकं विरत होतं. यादीतली सहावी जागा. तिथे एक सपाट खडक आहे, त्यावर आम्ही बसलो. खाली हळूहळू एकेक गोष्ट वर आली: कालव्याची रेघ, झाडांची रांग, मग घर. एवढंसं. आगपेटी उभी ठेवावी तसं. आणि त्याच्या शेजारी, त्याच्या दुप्पट उंचीवर, लाल चादर. वाऱ्याने फुगायची, पडायची, पुन्हा फुगायची.

भाऊजी बराच वेळ बघत राहिले.

"कचेरीतली बाई बरोबर बोलत होती," ते म्हणाले. "घर आधी दिसतच नाही. आधी तेच दिसतं."

"आणि टॉवेल?" मी विचारलं.

आम्ही दोघांनी शोधला. पिवळा टॉवेल कुठेच नव्हता. घराच्या कौलांमागे आणि कुंपणाच्या झाडीत तो पार मिसळून गेला होता. मी सगळ्या जागा आठवून पाहिल्या. एकदाही तो माझ्या नजरेला पडला नव्हता.

"म्हणजे छप्पर होईल, भाऊजी. बंबाचं काम होईल. नुसता मनोरा काढायचा. नाहीतरी एकच तर पाइप आहे, तो दोरीवर वाळेल."

ते खडकावरचं शेवाळ बोटाने खरवडत बसले. मग माझ्याकडे न बघता, खाली चादरीकडे बघत सांगायला लागले.

"लग्न झालं तेव्हा आम्ही बाजारामागे एका खोलीत राहायचो. केंद्रापासून दोन गल्ल्या. मी नवा, त्यामुळे परत आल्यावर पाइप वर ओढायचं काम माझं. कप्पीवर दोर, दोराला पाइप. हात सोलून निघायचे. सगळे टांगून झाले की मी घरी यायचो, आणि रोज, अगदी रोज, चहा चुलीवरून उतरत असायचा. पहाटे येवो, दुपारी येवो. मला वाटायचं हिला माझी पावलं कळतात. सात वर्षं वाटायचं."

"मग?"

"मग एकदा कप्पी अडकली म्हणून मनोऱ्यात वर चढलो. वरच्या झरोक्यातून बाहेर बघितलं, तर आमची खिडकी समोर. आणि ती खिडकीत. आगीची घंटा वाजली की ती तिथे येऊन उभी राहत असणार. झरोक्यात पाइप वर चढताना दिसले, म्हणजे सगळे परत आले. मग आत जाऊन आधण ठेवायचं." ते थांबले. "तिने कधी सांगितलं नाही. मीही कधी विचारलं नाही."

खाली चादर फुगली. मला कचेरीच्या पत्रातलं वाक्य आठवलं, लांबूनही दिसेल. त्या एका गोष्टीसाठी कचेरीने नाही म्हटलं होतं, आणि भाऊजींनी मनोरा नकाशात घातला होता तो त्याच एका गोष्टीसाठी.

"आता तर तुम्ही कुठे जातही नाही, भाऊजी," मी हळूच म्हटलं.

"नाही जात." त्यांनी मान हलवली. "वाटलं होतं, असावा. बाजारातून येताना तिला दिसला असता."

ऊन खडकावर आलं. माझ्या लुगड्यातून वाफ निघायला लागली. त्यांनी कागदाची घडी उलगडली, सहावी फुली मारली, आणि कागद माझ्या हातात दिला. त्यांचे डोळे कोरडे होते. आवाजही नेहमीचाच, बंबाला पाणी किती लागतं ते सांगावं तसा.

"नवा अर्ज तू लिही," ते म्हणाले. "मनोरा काढला आहे, उंची तेरा फूट, एवढंच. माझ्या हाताने ते लिहवणार नाही. आणि मनोरा कशाला हवा होता, ते कुठेही लिहू नकोस. जागा आम्हा दोघां नवराबायकोच्या नावावर आहे. सही करायच्या आधी ती अर्ज वाचणार."