भट्टीच्या सुट्टीचा दिवस

पडदा वर जातो तेव्हा समोर शाळेची गच्ची. एका कोपऱ्यात पाण्याची टाकी, दुसऱ्या कोपऱ्यात तीन पायांवर उभं राहून दिवसरात्र घुरघुरत हवा ओढणारं यंत्र. कठड्यापलीकडे बेकरीचं धुराडं, इतकं जवळ की हात लांबवला तर बोटाला काजळी लागावी. आणि जिन्यातून धापा टाकत वर येते आपली नायिका, एका हातात चिमटा, दुसऱ्या हातात डबी.

हवा तपासणाऱ्या प्रयोगशाळेत ती नोकरीला. रोज सकाळी यंत्रातला गोल पांढरा कागद काढायचा, नवा बसवायचा. शहराची हवा कागदातून गाळते म्हणून गल्लीनं तिचं नाव गाळणीबाई ठेवलेलं. कागदावर बसलेली बारीक धूळ कुठून आली, हे शोधणं तिचं काम. मातीची खूण वेगळी, डिझेलच्या काजळीची वेगळी. लाकूड जळलं की धुरात एक खास साखर उतरते. ती सापडली की लाकडाचा धूर पकडलाच म्हणायचा.

यंदा या गच्चीवरच्या कागदांत ती साखर भरभरून निघाली. आसपास लाकूड जाळणारी एकच जागा, बेकरीची भट्टी. आणि बेकरी तिच्या सख्ख्या मामाची. आईवडिलांमागे मामानंच तिला वाढवलं. त्याच भट्टीच्या उबेला बसून ती पाढे शिकली होती. अहवाल गेला की भट्टी विझणार, हे दोघांनाही ठाऊक होतं.

प्रयोगशाळेचे साहेब म्हणाले, "काम दुसऱ्या कुणाला देऊ का? तुमचे मामा आहेत ते."

"निम्मे कागद दुसऱ्या प्रयोगशाळेत पाठवा, साहेब. उरलेले मात्र मीच बघणार."

बघता बघता एक गोष्ट तिला खटकली. बेकरीच्या साप्ताहिक सुट्टीच्या कागदावरही साखर जवळजवळ तेवढीच. मामाला हे कळलं तेव्हा तो पिठाचे हात झटकत म्हणाला, "घ्या. भट्टी थंडगार आणि धूर आहेच. उगाच माझ्या नावानं शंख करत होतात."

गाळणीबाई हसली नाही. थंड भट्टीतून धूर निघत नसतो. मग हा आला कुठून?

पुढच्या सुट्टीला ती संध्याकाळीच गच्चीवर गेली. यंत्राशेजारी शाळेचे पहारेकरी काका खुर्ची टाकून ऐसपैस बसलेले. आणि यंत्राच्या अगदी तोंडाखाली, पत्र्याच्या झाकणात, डासांची कॉइल धुमसत होती.

"काका, हे काय?"

"यंत्राला डोळ्यांत तेल घालून जपा, असं तुम्हीच म्हणालात. जपतोय. पण डास माझंच रक्त पितात, तुमच्या यंत्राला कुणी विचारत नाही."

"आणि हा धूर?"

"मला नाही त्रास. सगळा यंत्राकडे जातो."

तिनं वाकून कॉइल विझवली. कॉइल म्हणजे दाबलेला लाकडाचा भुसाच, साखर तीच. दुसऱ्या दिवशी तिनं काकांना मच्छरदाणी आणून दिली.

मामाला वाटलं, आपण सुटलो. साहेबांनाही तसंच वाटलं. "जुने कागद रद्द करा आणि प्रकरण मिटवा," ते म्हणाले.

"जुने रद्दच. पण नवे लावल्याशिवाय मिटवायचं नाही," ती म्हणाली आणि पुन्हा पहिल्यापासून कामाला लागली.

नव्या कागदांवर साखर पुष्कळ कमी निघाली. पण भट्टीच्या सुट्टीला कागद जवळजवळ कोरा, आणि भट्टी पेटली की पुन्हा साखर. ज्या दिवसाच्या जोरावर मामा निर्धास्त होता, तोच दिवस त्याच्या विरुद्ध साक्षीला उभा राहिला. दुसऱ्या प्रयोगशाळेचंही तेच म्हणणं पडलं.

साहेबांच्या टेबलावर अहवाल ठेवण्याआधी ती बेकरीत गेली. मामा लांब दांड्याच्या फळीवरून पाव बाहेर काढत होता. तिचं बोलणं संपेपर्यंत त्यानं ऐकून घेतलं. मग फळी भिंतीला टेकवली.

"त्या कॉइलवर ढकललं असतंस तर कुणाला कळलं असतं?"

"मला."

"अंगाखांद्यावर वाढवली तुला..." त्यानं वाक्य तिथंच सोडलं. "मग आता या वयात मी करू काय, ते तरी सांग."

तिनं भट्टीच्या कोमट भिंतीवर हात ठेवला.

"लाकूड सोड, मामा. गॅसची भट्टी बसव. परवाने, कचेरीतले खेटे, सगळं मी बघते. आणि ती पेटली की वर पुन्हा कागद लावणार, हेही आत्ताच सांगून ठेवते."