कोबेच्या म्हातारीची डिश

सिनेमा-सिरियलवाल्यांना जुन्या वस्तू भाड्याने द्यायच्या, हा माझा धंदा. अंधेरीला गोदाम आहे. झुंबरं, ग्रामोफोन, समया, पानाचे डबे, काय हवं ते मागा. पण माझा जीव अडकलाय तो जपानी चिनी मातीत. ‘जपानी चिनी माती’ म्हटलं की लोक हसतात. हसू द्या. जोगेश्वरीच्या जुन्या फर्निचरवाल्यांकडे पोत्यातून येणाऱ्या डिशा, बश्या, बरण्या मी पंचवीस वर्षं उलट्या करून बघतोय. हो, उलट्याच. पुढून सगळ्याच देखण्या असतात, खरंखोटं कळतं ते बुडाला.

ही विद्या मला कोणी शिकवली नाही, फसून फसून आली. बुडाच्या कडेला झिलई नसते, तिथे शंभर वर्षांचा मळ आत मुरतो आणि धुऊन जात नाही. सोनेरी काम जिथे हात लागतो तिथेच झिजतं. सगळीकडे सारखं झिजलं असेल तर समजायचं, कोणीतरी पॉलिशपेपर मारलाय. छापील नक्षी भिंगाखाली ठिपक्याठिपक्यांची दिसते. एवढं सगळं यायला लागल्यावर माणसाच्या अंगात येतं, तसं माझ्याही आलं. आणि त्या मस्तीत मी माझ्या बापाचं वाटोळं केलं.

बाबा गुहागरकडचे. त्यांच्या गावात घरटी एक माणूस बोटीवर असायचा. लग्नाआधी बाबाही गेले, पण एकच खेप. मग कानाचं दुखणं निघालं, बोट सुटली, आणि पुढचा सगळा जन्म त्यांनी अंधेरीतल्या एका कारखान्यात फिटर म्हणून काढला. त्या एका खेपेत त्यांची बोट जपानला कोबे बंदरात बिघडून तीन आठवडे अडकली होती. बंदरामागच्या वस्तीत एक म्हातारी एकटी राहायची. बाबा जाऊन तिचं पाणी भरायचे. एकदा छपरावर चढून त्यांनी तिची कौलंही परतून दिली. कोकणातलं पोर, फुटकं कौल बघून गप्प बसणार थोडंच! निघायच्या दिवशी म्हातारीने घरातली मोठी डिश फडक्यात बांधून त्यांच्या हातात ठेवली. निळी, तांबडी, मधून सोनेरी वेल.

‘तिच्या पणजीची डिश आहे ही,’ बाबा सांगायचे.

‘दादा, तुला जपानी कधीपासून यायला लागलं रे?’ धाकटे काका हटकून विचारायचे.

की बाबा उठलेच. म्हातारीने खुणांनी कसं सांगितलं ते करून दाखवायचे. आधी डिशकडे बोट, मग स्वतःकडे. मग कमरेत वाकून चार पावलं, म्हणजे तिची आई. आणखी वाकून चार पावलं, म्हणजे आजी. तिसऱ्यांदा तर कपाळ गुडघ्याला टेकायचं आणि आम्ही पोरं हसून लोळायचो. काका म्हणायचे, ‘कसलं जपान! हा होता इथल्या गोदीत, आणि डिश आणली चोरबाजारातून.’ काका तेव्हा गावी पाटी-दप्तर घेऊन शाळेत जात होते, त्यांना काय ठाऊक? पण बाबांकडे तरी कुठे पुरावा होता? बोटीवरचे कागद वाळवीने खाल्लेले. जगात ते एकदा कुठेतरी जाऊन आले, कोणाच्या तरी उपयोगी पडले, याला साक्षीला ती डिश तेवढी होती. बाबा हसण्यावारी न्यायचे, पण मनाला लागायचं त्यांच्या.

त्यांचं सहस्रचंद्रदर्शन आम्ही पार्ल्याला हॉल घेऊन केलं. सुपारीएवढ्या दिव्यांनी ओवाळून झालं, जेवणं झाली, पानं खाऊन लोक सैलावले. आणि काकांनी सवयीने टोकलं. बाबांनी त्या दिवशी नक्कल केली नाही. आईला म्हणाले, ‘पिशवीतली डिश काढ.’ म्हणजे घरून ठरवून आणली होती! ती त्यांनी माझ्या हातात दिली. ‘हा माझा मुलगा. याला यातलं कळतं, फिल्मवाले याला विचारतात. सांग रे सगळ्यांना.’

नवा झब्बा, कपाळाला कुंकू, आणि चेहरा असा, की जणू आता निकाल लागणार आणि पोरगं पहिलं येणार.

मी खिशातून भिंग काढलं. काढलं कशाला? ‘खरी आहे’ म्हणायचं आणि आइस्क्रीम खायला जायचं. पण त्याच महिन्यात जुनी म्हणून दिलेल्या एका नव्या बरणीने मला गंडवलं होतं, सेटवर चारचौघांत माझी लाज गेली होती, आणि मी डूख धरून होतो. नक्षी हातानेच काढलेली होती. पण सोनं? सगळीकडे सारखं झिजलेलं. आणि बुडाची कड पांढरीशुभ्र, दुधाने धुतल्यासारखी. पुढून म्हातारी आणि मागून कोवळी, हे कसं जमायचं? बुडाच्या मधोमध आईने लाल ऑइलपेंटचा भला मोठा गोल फासलेला होता. आमच्या चाळीत सगळ्यांच्याच भांड्यांना असा रंग असायचा. दिवाळीचं ताट शेजारी गेलं की बदलून यायला नको, म्हणून हिरवा रंग समोरच्यांचा, लाल आमचा.

‘आई, हा रंग कशाला फासलास? याच्या खाली कारखान्याचा शिक्का असणार.’

‘काढू नकोस हं,’ आई म्हणाली, ‘डिश हरवेल.’

मी काढलाही नाही. गरजच वाटली नाही मला. म्हटलं, ‘बाबा, ही पणजीबिणजीची नाही. तुमच्याच काळातली आहे, जुनी दिसावी म्हणून घासलेली. नक्कल आहे. अशी तेव्हा मुंबईतही मिळत असेल.’

‘घ्या!’ काका टाळी देत ओरडले. ‘हात दाखवून अवलक्षण!’

अख्खा हॉल हसला. बाबाही हसले. ‘असं?’ म्हणाले. डिश घेतली, झब्ब्याच्या टोकाने पुसली आणि स्वतःच पिशवीत ठेवली.

घरी आल्यावर बायको मला म्हणाली, ‘हो म्हणाला असतात तर काय बिघडलं असतं?’ मी तिच्यावरच उखडलो. धंद्यात मी खोटं बोलत नाही, बापाशी का बोलू? वा रे वा! अतिशहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, तो बैल मी.

त्यानंतर बाबा पाचेक वर्षं होते. कोबेचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही. नातवाने एकदा ‘आजोबा, म्हातारी करून दाखवा ना’ म्हणून हट्ट धरला, तर म्हणाले, ‘गुडघे दुखतात बाळा.’ डिश कपाटावर गेली, वर्तमानपत्रात गुंडाळून. शेवटची दोन वर्षं त्यांचं डोकंही विरत गेलं. कारखाना बंद झालाय हे विसरायचे, सकाळी डबा मागायचे. मग गेले.

ते गेल्यावर वर्ष-सव्वा वर्षाने एका सिरियलला जेवणघरातल्या आरशाच्या शोकेसमध्ये मांडायला जपानी डिशा हव्या होत्या. मला एक कमी पडत होती. म्हटलं, आपली ती नक्कल आहे की. आईने कपाटावरून काढून दिली. आर्ट डायरेक्टर म्हणाला, ‘मागचा लाल रंग काढा, आरशात दिसेल.’ मी गोदामात बसून कापसाला थिनर लावलं आणि घासायला घेतलं.

खाली शिक्का नव्हता. तीन ठिपके होते. खरखरीत, ज्वारीच्या दाण्याएवढे, त्रिकोणात.

मोठी डिश भट्टीत मधोमध खाली बसू नये म्हणून जुने जपानी कुंभार बुडाखाली मातीचे छोटे सुळके लावायचे. भाजून झाल्यावर ते तोडले की अशा खुणा राहतात. बाबांच्या काळातले नकला करणारे कशाला एवढा खटाटोप करतील? मी भिंग लावून, बॅटरी लावून, बाहेर उन्हात नेऊन बघितलं. पुन्हा पुन्हा बघितलं. निळ्या रंगाचं पाणी, झिलईतले बारीक खड्डे, जुनेपणाच्या सगळ्या खुणा तेव्हाही तिथेच होत्या. बाबांच्याही तीनेक पिढ्या आधीची होती डिश. पणजीचीच होती.

मग पांढरी कड कशी? झिजलेलं सोनं कसं? मी तसाच रिक्षा करून घरी गेलो. आई मेथी निवडत बसली होती.

‘आई, ही डिश तू कशाने घासायचीस?’

‘कशाने म्हणजे? चिंच आणि काथ्या. आधी राख होती, मग पावडर आली. पुढून घासायची आणि बूड तर दुप्पट घासायचं. शेजारी ताट गेलं की बायका आधी उचलून बूड बघतात रे. आमच्या बुडाला कधी मळ दिसला नाही कोणाला.’ तिच्या आवाजात अजून तोरा होता. ‘का? डाग राहिलाय का कुठे?’

पन्नासेक वर्षं, दर दिवाळीला, दर गणपतीला. शंभर वर्षांचा मळ आईने चिंचेने काढला, सोनं काथ्याने नेलं, आणि मी, तिच्याच हाताने घासलेल्या ताटात जेवून वाढलेला, भिंग लावून सांगितलं की कोणा लबाडाने पॉलिशपेपर मारलाय.

मी खाली तिच्यासमोर बसलो. म्हटलं, ‘आई, डिश खरी आहे. माझी चूक झाली. बाबा खरं सांगत होते. ते गेले होते कोबेला, त्या म्हातारीनेच दिली त्यांना.’

आईने हातातली जुडी खाली ठेवली. मला वाटलं, रडेल, मला बोल लावेल. लावायलाच हवा होता.

‘शेवटी शेवटी रोज विचारायचे रे मला,’ ती म्हणाली. ‘सकाळी उठले की पहिलं तेच. मी जपानला गेलो होतो ना गं?’

‘मग? तू काय सांगायचीस?’

‘मी काय सांगणार? माझ्या लग्नाआधीची गोष्ट. तू एवढा जाणता, तू बघून सांगितलेलंस. मी म्हणायचे, नसाल गेलात हो. चहा घ्या. आणि घ्यायचे बिचारे.’