गणिताला लावलेली तीट

दामू, मी वरळीच्या कोळीवाड्यातून निघाले तेव्हा तू आयच्या कडेवर होतास. माझ्या शाळेतल्या गणिताच्या लेलेबाई मला गिरगावात आपल्या घरी न्यायला आल्या होत्या. बा पाय लांब करून भिंतीला टेकला होता. आयने माझ्या कानामागे काजळाची तीट लावली आणि पुटपुटली, "तिथं तुला कोन वलखत नाय. नजर लागायची नाय." बाने मान वर केली नाही.

हे का झालं, ते तुला कोणी सांगितलं नसेल. माझा पहिला नंबर आला की आय मीठ-मिरच्या उतरून चुलीत टाकायची. मिरच्यांचा ठसका आला नाही की तिचा चेहरा उतरायचा. मग तिनेच उपाय काढला. "सगला बरोबर लिवू नको गो बाय. येक चूक ठेव." तान्ह्या बाळाच्या गालाला लावतात तशी मी प्रत्येक पेपराला तीट लावू लागले, नेहमी सर्वांत सोप्या गणितात. वर्गात कुणाच्या लक्षात आलं नाही, बाईंनी मात्र हेरलं. शाळा सुटल्यावर थांबवून म्हणाल्या, "मुद्दाम चुकायला त्रास होत असेल ना गं?" मला रडूच फुटलं. पुढच्या परीक्षेत मी चूक ठेवली नाही.

पैकीच्या पैकी मिळाल्याचं आयला सांगितलं, त्याच दिवशी बा संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चाला गेला होता. दुपारनंतर दुकानांच्या फळ्या लागल्या, रस्ते ओस पडले. आय दारात उभी राहून आधी रस्त्याकडे बघायची, मग माझ्याकडे. बाच्या गुडघ्यात गोळी लागली होती. इस्पितळातून तो घरी आला, पण पुन्हा होडीवर चढला नाही. आय मला एका शब्दानेही बोलली नाही. ती मला घाबरू लागली होती, एवढंच.

गिरगावात बाईंनी मला हवं तेवढं शिकू दिलं, आणि चारचौघांत कधी माझं कौतुक केलं नाही. नारळी पुनवेला घरी आले की आय विचारायची, "चूक ठेवतंस ना?" मी हो म्हणायचे, मग ती जेवायला वाढायची.

आता मी राहते त्या लंडनमध्ये अशा हुशार मुलांना गिफ्टेड म्हणतात. मी त्यांनाच शिकवत आले. सोपं गणित चुकलेलं दिसलं की आधी विचारायचे, घरी कोण घाबरतं?

तू फोनवर म्हणतोस, एकदा घरी ये. दामू, घर म्हणजे मला अजून ते दार आणि त्यातली आय. परवा माझ्या नातीला पैकीच्या पैकी मिळाले. मी तिला पोटाशी धरलं, शाबासकी दिली. आणि तिचा बाप कामावरून परत येईपर्यंत खिडकीतून हलले नाही.