गच्चीवरचा निळा शर्ट

मुलीचे जर्मन सासरे आठवडाभर आमच्या कुकटपल्लीच्या घरी होते, पण एकदाही हसले नव्हते. म्हणून मी चार पाहुणे बोलावून गच्चीवर त्यांच्याकडची शरदातली मेजवानी मांडली: सॉसेज, आंबट कोबी, बटाट्याचे गोळे आणि बिअर. गोळे इतके घट्ट झाले, की काट्यालाही दाद देईनात. व्याही ताटाकडे गंभीरपणे पाहत राहिले.

तेवढ्यात निळ्या शर्टातले एक गृहस्थ बाह्या सरसावत उठले. मला वाटलं, बायकोचे लांबचे मामा. घरी आलेल्याला 'आपण कोण?' असं विचारणं बरं दिसत नाही. व्याह्यांनी ताटावर धरलेला हात त्यांनी अलगद बाजूला सारला, दोन गोळे वाढले आणि दख्खनी ठसक्यात म्हणाले, "नक्को बोलायचं नाही, साब! आपल्या घरात असंच असतं."

व्याही खो खो हसले. जेवले. मग निळ्या शर्टवाल्यांच्या खांद्यावर हात टाकून गायलेसुद्धा.

सगळे गेल्यावर बायको म्हणाली, "तुमच्या ऑफिसातले ते निळ्या शर्टातले किती मोकळे हो!"

"माझ्या ऑफिसातले? मला वाटलं, तुझे मामा!"

इतक्यात मुलगी आली. "बाबा, सासरे विचारताहेत, तुमचे भाऊ उद्या येणार ना?"

"येईल की," मी म्हणालो आणि भाऊ शोधायला जिना उतरू लागलो.